भांडं उसनं, चूल आपली: एका महासत्तेचं हवामान धोरण दुसऱ्या महासत्तेत कसं पोचतं

आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने विचारलेला प्रश्न असा: कार्बन बाजाराची, म्हणजे प्रदूषणाच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीची, कल्पना अमेरिकेची, ती राबवली युरोपने, आणि आज सर्वांत मोठा कार्बन बाजार चीनमध्ये आहे. हे झालं कसं? एका देशाचं धोरण दुसऱ्या देशात जाण्याच्या पाठ्यपुस्तकात चार वाटा दिल्या आहेत: सक्ती, स्पर्धा, शिकणं आणि अनुकरण. यातली खरी कोणती? आणि जिथे कल्पना जन्मली त्या अमेरिकेतच ती राष्ट्रीय पातळीवर का रुजली नाही?

मी राज्यशास्त्राचा माणूस नाही, इंजिनियर आहे. वीसेक वर्षं कारखान्यांचं उत्सर्जन मोजणं आणि दुसऱ्यांनी मोजलेलं तपासणं यावर पोट भरतोय. त्यामुळे ही गोष्ट मला शिखर परिषदांच्या फोटोंतून कमी आणि वजनकाट्याच्या नोंदींतून जास्त दिसते. हा माझा दोष समजा, पण उत्तर त्याच बाजूने देणार.

थोडक्यात सांगायचं तर चारही वाटा खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या टप्प्यांवर लागतात. पण चारही वाटांनी दारापर्यंत आलेलं धोरण आत घ्यायचं की नाही, हे ठरतं घेणाऱ्या देशातल्या एखाद्या खात्याच्या स्वतःच्या अडचणीवरून. ती अडचण नसेल तर कितीही दबाव आणा, धोरण उंबरठ्यावरच बसून राहतं. आणि आत गेलं की ते पहिल्यासारखं राहत नाही. शेजारणीकडून कुकर आणला म्हणून तिच्या घरचा भात आपल्या ताटात येत नाही.

सुरुवात १९९० पासून करू. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये थोरल्या बुश यांनी अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांवर सही केली. आम्लपावसावर उपाय म्हणून कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर एकूण मर्यादा घातली गेली आणि त्या मर्यादेइतके परवाने वाटले गेले. ज्याला स्वस्तात प्रदूषण कमी करता येईल त्याने उरलेले परवाने विकावेत, ज्याला महाग पडेल त्याने विकत घ्यावेत. १९९५ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि उद्योगांनी जो खर्चाचा बागुलबुवा उभा केला होता त्याच्या मानाने काम फारच स्वस्तात झालं. याचं श्रेय बाजाराइतकंच रेल्वेचं भाडं उतरल्यालाही आहे, कारण त्यामुळे पश्चिमेकडचा कमी गंधकाचा कोळसा पूर्वेच्या केंद्रांना परवडू लागला. पण गोष्ट पसरते तेव्हा असे बारकावे मागेच राहतात. पसरलं ते एवढंच: बाजाराने प्रदूषण स्वस्तात कमी होतं.

हीच गोष्ट घेऊन अमेरिकी प्रतिनिधी १९९७ मध्ये हवामान कराराच्या वाटाघाटींसाठी जपानमध्ये क्योटोला गेले. तेव्हा युरोप या कल्पनेच्या विरोधात होता, हे आज बहुतेकांच्या लक्षात नसतं. उत्सर्जनाचा व्यापार म्हणजे पैसे देऊन पाप धुण्याची सोय, अशी तिथल्या अनेक मंडळींची भावना होती. २००० मध्ये हेगच्या हवामान परिषदेत अमेरिकेचे मुख्य वाटाघाटीकार फ्रँक लॉय यांच्या तोंडावर एका आंदोलकाने क्रीमचा केक मारला होता, त्यावरून हवा काय होती ते कळावं. ती परिषद मोडली. पुढच्याच वर्षी, मार्च २००१ मध्ये, धाकटे बुश क्योटो करारातून बाहेर पडले. म्हणजे ज्याने आग्रह करून ही तरतूद करारात घालून घेतली तोच निघून गेला आणि ज्याचा विरोध होता त्याच्या पदरात ती पडली.

मग युरोपने ती उचलली का? मन वळलं म्हणून, असं उत्तर दिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. युरोपियन आयोगाने १९९२ मध्ये कार्बन आणि ऊर्जेवरच्या कराचा प्रस्ताव आणला होता आणि तो वर्षानुवर्षं रखडून मेला. कारण साधं होतं. युरोपीय संघात करविषयक निर्णयाला सर्व सदस्य देशांची एकमुखी संमती लागते, एकाने मान हलवली नाही की विषय संपला. पर्यावरणाचा नियम मात्र बहुमताने होतो. उत्सर्जनाचा बाजार हा कर नाही, पर्यावरणाचा नियम आहे! ही फट ज्या अधिकाऱ्यांना दिसली त्यांना अमेरिकेचं भांडं एकदम कामाचं वाटू लागलं. मार्च २००० मध्ये चर्चेचा मसुदा आला, ऑक्टोबर २००३ मध्ये निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधणारा कायदा, मंजूर झाला आणि १ जानेवारी २००५ ला बाजार उघडला. एवढ्या मोठ्या यंत्रणेला पाच वर्षं म्हणजे काहीच नाही. करार मोडू नये म्हणून युरोपला स्वतःचं काहीतरी दाखवायचं होतं, हेही खरं. पण मतदानाचा तो नियम नसता तर आज आपण युरोपच्या कार्बन कराबद्दल बोलत असतो.

पहिली काही वर्षं हसं झालं. परवाने देशांनी आपापल्या उद्योगांना सढळ हाताने वाटले. एप्रिल २००६ मध्ये पहिल्यांदा पडताळणी केलेले आकडे बाहेर आले आणि बाजारात परवाने गरजेपेक्षा जास्त आहेत हे उघड झालं. तीसेक युरोंचा भाव काही दिवसांत निम्म्यावर आला आणि २००७ मध्ये जवळजवळ शून्याला टेकला. आमच्या धंद्यात तेव्हा या बाजाराची टिंगल चालायची. मागे वळून पाहता त्या फजितीतच मोठी गोष्ट घडली होती: हजारो कारखान्यांचं उत्सर्जन पहिल्यांदा एका पद्धतीने मोजलं गेलं होतं. भाव पडला, पण मोजमाप राहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हाच भाव १०० युरोंना पोचला, तो याच मोजमापाच्या पायावर.

आता चीन. इथे जरा थांबून सांगतो, कारण बहुतेक लिखाणात ही कथा २०१४ च्या ओबामा आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांच्या हवामानावरच्या संयुक्त घोषणेपासून सुरू होते. ती घोषणा महत्त्वाचीच होती. पण तोवर चीनमध्ये पंधरा वर्षांची तयारी झालेली होती.

पहिला धागा थेट अमेरिकेचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आम्लपावसाच्या कार्यक्रमाला हातभार लावणारी एक अमेरिकी पर्यावरण संस्था चीनमध्ये काम करत होती. नानतुंग आणि बेनशी या शहरांत सल्फर डायऑक्साइडच्या परवान्यांचे छोटे प्रयोग झाले. त्यातून मोठा बाजार उभा राहिला नाही. पण काही सरकारी संशोधक आणि अधिकारी ही भाषा शिकले.

दुसरा धागा सीडीएमचा, म्हणजे क्योटोतल्या स्वच्छ विकास यंत्रणेचा. हा मी जवळून पाहिला, कारण माझी पहिली काही वर्षं त्यातच गेली. गरीब देशात प्रदूषण कमी करणारा प्रकल्प उभा करायचा, त्यातून मिळालेली कार्बन क्रेडिट (टाळलेल्या दर टनामागे एक) युरोपच्या कंपन्यांनी विकत घ्यायची. आपल्याकडे साताऱ्या-धुळ्याच्या पवनचक्क्या, साखर कारखान्यांचे बगॅसवर चालणारे सहवीजनिर्मिती प्रकल्प यांच्या फायली आम्ही तयार करत होतो. बेसलाइन, म्हणजे प्रकल्पाशिवाय झालं असतं ते उत्सर्जन, काय धरायची, मीटर कधी कॅलिब्रेट केला, प्रकल्प क्रेडिटशिवाय झालाच नसता हे कसं दाखवायचं, असे प्रश्न. (या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांनी दिलेली उत्तरं प्रामाणिक होती असं मी म्हणणार नाही.) चीनमध्येही हेच चाललं होतं, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. नोंदणी झालेल्या प्रकल्पांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या चीनमधले होते.

फरक कुठे पडला ते पाहा. शीतकरणाच्या वायूंच्या कारखान्यांतून एचएफसी-२३ नावाचा उपवायू निघतो, त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट. तो जाळून टाकायला फारसा खर्च येत नाही, क्रेडिट मात्र पोत्याने मिळायची. चीन सरकारने या क्रेडिटच्या उत्पन्नातला ६५ टक्के वाटा स्वतःकडे घेतला आणि त्यातून सीडीएम निधी उभारला. त्या निधीतून पुढे हवामान धोरणाचे अभ्यास, प्रशिक्षण, प्रांतांची तयारी असली कामं झाली. म्हणजे युरोपच्या उद्योगांनी भरलेल्या पैशातून चीनने कार्बन बाजार चालवणारी माणसं घडवली. आपल्याकडे असा निधी झाला नाही. २०१२ मध्ये क्रेडिटचा भाव एक युरोच्याही खाली गेला तेव्हा इथली सीडीएमची ऑफिसं एकामागून एक बंद झाली. माझे निम्मे सहकारी सोलरमध्ये गेले, काही सॉफ्टवेअरमध्ये. चीनमधल्या त्याच कामाच्या माणसांना मात्र काम मिळत राहिलं, कारण तोवर तिथे प्रायोगिक बाजार सुरू होत होते.

ते का सुरू झाले? इथे ती खात्याची अडचण येते. ११व्या पंचवार्षिक योजनेत चीनने ऊर्जातीव्रता, म्हणजे उत्पन्नाच्या दर एककामागे लागणारी ऊर्जा, २०१० पर्यंत २० टक्क्यांनी कमी करायचं लक्ष्य ठेवलं. ते प्रांतांना, जिल्ह्यांना वाटून दिलं. अधिकाऱ्यांची बढती त्यावर. मुदत जवळ आली तशी आकडा गाठण्यासाठी काही ठिकाणी कारखान्यांची वीज तोडली गेली, कुठे कुठे घरांचीही. कारखान्यांनी मग डिझेल जनरेटर लावले. आकडा जवळपास गाठला, हेतू बोंबलला. हुकुमाने उत्सर्जन कमी करण्याची ही किंमत बीजिंगच्या नियोजनकर्त्यांनी पाहिली आणि हुकुमापेक्षा कमी त्रासाचं साधन शोधायला ते लागले. नेमकं तेव्हाच युरोपने जाहीर केलं होतं की २०१३ पासून नव्या प्रकल्पांची क्रेडिट फक्त अतिअविकसित देशांकडूनच घेऊ. म्हणजे बाहेरचं गिऱ्हाईक जाणार होतं, घरात माणसं तयार होती आणि गळ्यात अडचण होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सात ठिकाणी प्रायोगिक बाजारांना परवानगी मिळाली: बीजिंग, त्यानजिन, शांघाय, चुंगचिंग, शनझेन, ग्वांगतुंग आणि हुबेई. जून २०१३ मध्ये शनझेनचा पहिला सुरू झाला.

याच काळात शिकवणीवर्गही चालू होते. युरोपीय संघाने २०१४ ते २०१७ दरम्यान चीनसाठी क्षमतावृद्धीचा मोठा प्रकल्प चालवला. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी २०१३ मध्ये चीनच्या नियोजन आयोगाशी करार केला. गंमत अशी की वॉशिंग्टनचा राष्ट्रीय कार्बन बाजाराचा कायदा तोवर मेलेला होता. २००९ च्या जूनमध्ये प्रतिनिधीगृहात तो २१९ विरुद्ध २१२ अशा काठावरच्या मतांनी मंजूर झाला आणि सिनेटमध्ये गाडला गेला. पण कॅलिफोर्नियाचा बाजार २०१३ मध्ये चालू झाला होता आणि चिनी अधिकारी त्या राज्याकडून शिकत होते. तेव्हा 'एका महासत्तेकडून दुसरीकडे' हे शब्दप्रयोग जपून वापरा. धोरण देतो तो देश नसतो बहुधा. देतं एखादं राज्य, एखादं खातं, एखादी सल्लागार कंपनी, आणि ते घेणाराही देश नसतो, तसलंच कोणीतरी असतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये शी यांनी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय बाजार जाहीर केला, डिसेंबर २०१७ मध्ये त्याचा औपचारिक आराखडा आला आणि प्रत्यक्ष खरेदी-विक्री १६ जुलै २०२१ ला सुरू झाली. उघडायचा भाव ४८ युआन. दोन हजारांहून अधिक वीज कंपन्या, सुमारे साडेचार अब्ज टन उत्सर्जन. पहिल्याच दिवशी तो व्याप्तीने जगातला सर्वांत मोठा बाजार झाला.

पण आत काय शिजलं ते पाहा. अमेरिकेच्या आणि युरोपच्या बाजाराचा प्राण म्हणजे एकूण मर्यादा: इतके टन, त्याच्या वर नाही. चीनने तीच वगळली. तिथे परवाने मिळतात ते विजेच्या दर युनिटमागच्या निकषावर. समजा निकष दर मेगावॉट-तासाला ०.९ टन असा आहे. केंद्राने दहा लाख मेगावॉट-तास वीज काढली तर नऊ लाख परवाने, वीस लाख काढली तर अठरा लाख. तेही फुकट. जास्त वीज काढा, जास्त परवाने घ्या, फक्त कार्यक्षमता निकषाइतकी ठेवा. युरोपातले काही जाणकार याला बाजार म्हणायलाही तयार नव्हते.

ही लबाडी होती का? मला तसं वाटत नाही. चीनमध्ये कोळशाच्या विजेचा दर तेव्हा सरकार ठरवत होतं. केंद्राला कार्बनचा खर्च बिलात घालताच येत नसेल तर कडक मर्यादा म्हणजे केंद्र बंद पाडणं. शिवाय अर्थव्यवस्था वाढत असताना एकूण टनांवर कुलूप लावायला कोणताही प्रांत तयार नव्हता. तेव्हा त्यांनी भांडं घेतलं आणि झाकण परत केलं. धोरणं प्रवास करताना नेमकं काय गळतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही: मोजणी, नोंदवही, पडताळणी, परवान्याचा कागद हे सगळं नीट पोचतं. मर्यादा वाटेत राहते.

आणि मोजणीही पहिल्या फटक्यात नीट पोचली नाही. मार्च २०२२ मध्ये चीनच्या पर्यावरण मंत्रालयाने चार सल्लागार आणि तपासणी संस्थांची नावं जाहीर केली. कोळशाच्या नमुन्यांच्या तारखा बदलणं, चाचणीचे अहवाल रचणं असे आरोप. माझ्यासारख्याला यात आश्चर्य काहीच नव्हतं. नियम असा होता की कोळशातल्या कार्बनची चाचणी केली नाही तर सरकारी ठोकताळा वापरायचा, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला होता. म्हणजे प्रयोगशाळेचा एक कागद आणला की उत्सर्जन कागदोपत्री घटतं. मोह पडणारच. आपल्याकडे औष्णिक केंद्रांत कोळशाच्या ग्रेडवरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना नमुना पोत्यातून प्रयोगशाळेपर्यंत जाताना त्याचं काय काय होतं हे सांगायला नको. सुरुवातीला खोट्या अहवालाचा दंड जास्तीत जास्त ३० हजार युआन होता, एका वीज कंपनीच्या चहापाण्याचाही खर्च नाही. १ मे २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने तो लाखांच्या घरात नेला. परदेशी निकष खरोखर रुजला का हे पाहायचं असेल तर मी नेत्यांची भाषणं वाचत नाही, दंडाचं कलम आधी काढतो.

दबावाचं काय, असं तुम्ही विचाराल. सक्तीची एक कथा सांगतो, ती फसल्याची आहे. युरोपने ठरवलं की २०१२ पासून युरोपात उतरणाऱ्या आणि तिथून उडणाऱ्या सगळ्या विमानांना आपल्या बाजाराचे परवाने लागतील, विमान कोणत्याही देशाचं असो, आणि पूर्ण प्रवासाचे. बीजिंगहून निघालेल्या विमानाने मंगोलियावर जाळलेल्या इंधनाचाही हिशोब ब्रुसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, द्यायचा. चीनने आपल्या कंपन्यांना पैसे भरायला बंदी केली आणि एअरबस या युरोपीय विमान कंपनीच्या ऑर्डर अडकवून ठेवल्या. भारतानेही आपल्या कंपन्यांना सहभागी होऊ दिलं नाही, विरोधी देशांची एक बैठक दिल्लीतच झाली होती. आणि अमेरिकेने, म्हणजे या सगळ्याच्या जन्मदात्या देशाने, आपल्या विमान कंपन्यांना मनाई करण्याचा कायदाच केला. ओबामांनी त्यावर सही केली. नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने आंतरखंडीय उड्डाणांपुरता नियम स्थगित केला. त्याच वर्षी शनझेन, शांघायमधले अधिकारी युरोपच्याच बाजाराकडे पाहून घरचा बाजार बांधत होते. एकाच वर्षी, तोच देश, तेच भांडं. बाहेरून डोक्यावर आपटलं तर झिडकारलं, स्वतःच्या चुलीसाठी हवं होतं तेव्हा मागून घेतलं.

युरोप या धड्यातून शहाणा झाला. सीबॅम, म्हणजे सीमेवरचा कार्बन शुल्काचा नियम, विमानांच्या नियमापेक्षा खूप चतुराईने बांधला आहे. पैसे तुमच्या कंपनीकडून मागितले जात नाहीत, युरोपातल्या आयातदाराकडून मागितले जातात. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढ्याच गोष्टी. आणि नवव्या कलमात खरी मेख आहे: मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी वजा. म्हणजे तुमच्या सरकारने स्वतः बाजार उभा केला तर पैसा तुमच्या तिजोरीत राहील, नाही केला तर तो युरोपच्या तिजोरीत जाईल. कोणत्याही अर्थमंत्र्याला ही भाषा समजते. तुमच्या पुस्तकात याला सक्ती म्हणतात की स्पर्धा, मला माहीत नाही. मराठीत याला खिशाला हात घालणं म्हणतात.

ऑक्टोबर २०२३ पासून नुसता हिशोब द्यायचा होता, जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा आला. चीनने मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय बाजारात जी तीन क्षेत्रं घेतली ती कोणती? पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम. नंतर ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२७ पासून ज्या क्षेत्रांचं उत्सर्जन स्थिरावलं आहे तिथे एकूण मर्यादा आणू. परत केलेलं झाकण, म्हणजे ती मर्यादा, काही वर्षांनी ते पुन्हा मागतायत. यात सीबॅमचा वाटा किती आणि पोलादाच्या घटत्या मागणीचा किती, हे बीजिंग बाहेर सांगणार नाही. माझा अंदाज, मागणी घटली नसती तर मर्यादा आली नसती. जे उत्सर्जन तसंही वाढणार नाही त्यावर कुलूप लावायला कोणाची ना नसते.

भारताने वेगळी वाट धरली होती. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१२ पासून 'पॅट' योजना चालवली: ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचं लक्ष्य, जास्त वाचवलं तर विकता येणारं प्रमाणपत्र. कार्बन हा शब्द त्यात जाणीवपूर्वक नव्हता, कारण आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत तो शब्द म्हणजे बंधन स्वीकारल्याचा पुरावा ठरला असता. ऊर्जेची बचत म्हणा, कोणाचा विरोध नाही. मग २०२१ मध्ये युरोपचा सीबॅमचा प्रस्ताव आला, २०२२ मध्ये आपल्या ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागद या क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना लक्ष्यं ठरवून दिली गेली. निकष तीव्रतेचाच, चीनसारखा. त्या पहिल्या यादीत पोलाद नव्हतं, आणि सीबॅमचा आपल्याला सर्वांत मोठा फटका पोलादालाच. पोलाद मंत्रालयाने मात्र डिसेंबर २०२४ मध्ये 'हरित पोलादा'ची व्याख्या काढली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच हिरवं, आणि त्यातही तारे. आपल्या पोलादाची सरासरी अडीच टनांच्या आसपास आहे.

उलटा प्रवाहही विसरू नका, कारण तुमच्या प्रश्नात धोरणं पश्चिमेकडून पूर्वेकडेच जातात असं गृहीत धरलंय. जर्मनीने २००० मध्ये अक्षय ऊर्जेला वीस वर्षं ठरावीक भाव देण्याचा कायदा केला. चीनने त्याच धर्तीवर २००५ मध्ये आपला कायदा केला आणि पुढे पवन, सौर ऊर्जेला ठरावीक दर दिले. पण त्याआधीच जर्मन छतांसाठी सोलर पॅनेल बनवायला त्याने सुरुवात केली होती. गिऱ्हाईक आणि कायदा दोन्ही जर्मनीकडून आले, कारखाने चीनमध्ये उभे राहिले. मग २०२२ मध्ये अमेरिकेने स्वच्छ ऊर्जेसाठी जो मोठा कायदा केला त्यात कार्बनवर किंमत कुठेच नव्हती. होतं ते अनुदान, देशात बनवा तर जास्त सवलत, बॅटरीतला कच्चा माल कुठून आला त्याचे नियम. हे सगळं बीजिंगच्या औद्योगिक धोरणाचं व्याकरण आहे. २०२४ मध्ये युरोपनेही २०३० पर्यंत स्वच्छ तंत्रज्ञानाची ४० टक्के गरज घरच्या उत्पादनातून भागवायचं ठरवलं. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेने त्या सवलतींना मोठी कात्री लावली, पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडण्याचा आदेशही काढला. जन्म देऊन सोडून देण्याची तिची ही पहिली खेप नाही. पण उचलणारे थांबत नाहीत.

एक शेवटची गोष्ट, चाकणची. नट-बोल्ट बनवणारा एक लहान कारखानदार माझा जुना ओळखीचा. २०२३ च्या शेवटी त्याच्या जर्मन गिऱ्हाइकाने सीबॅमच्या हिशोबाची एक लांबलचक एक्सेल शीट पाठवली आणि भरून मागितली. तो घाबरून माझ्याकडे आला. त्याची स्वतःची भट्टी तर छोटीशी, विजेचं उत्सर्जन पोलादाच्या मालाला सध्या किमतीत धरत नाहीत, म्हणजे सगळा बोजा त्याने विकत घेतलेल्या वायर रॉडचा. ती ज्या मिलमधून येते तिथल्या उत्सर्जनाचा आकडा हवा. मिलने तीन महिने ई-मेलला उत्तर दिलं नाही. शेवटी आकडा आला, एका ओळीत, पडताळणी नाही, सही नाही. तो आम्ही दोन वेळा परत पाठवला. आता त्याच मिलमध्ये दोन माणसं फक्त याच कामाला आहेत. युरोपच्या संसदेतला नियम पुणे जिल्ह्यात पोचला तो असा, बोल्टाच्या पेटीतून. दिल्लीने काहीच केलं नसतं तरी पोचला असता.

मागच्या भेटीत त्याने विचारलं, "साहेब, चीनवाल्याला पण हे भरावंच लागतं ना? मग त्यांच्याकडे बाजार आहे म्हणून त्यांना वजावट, आणि आपण भरायचं पूर्ण?" मी सांगितलं की चीनच्या पोलाद कारखान्यांना पहिल्या वर्षासाठी पडताळणीत जेवढं उत्सर्जन निघालं तेवढेच परवाने फुकट दिले गेले. म्हणजे बाजार आहे, पण भरलेली किंमत जवळजवळ शून्य, आणि वजावट भरलेल्या किमतीची मिळते, बाजार असल्याची नाही. दोघांच्याही हातात सध्या कोरी पावती. त्याला जरा बरं वाटलं. पण २०२७ ला तिथे मर्यादा आली, परवाने विकत घ्यावे लागले, तर त्यांची पावती भरेल आणि आपली कोरीच राहील, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. धंद्याचं डोकं. तेव्हापासून तो दर दोन महिन्यांनी फोन करतो, आणि ब्रुसेल्स किंवा दिल्लीबद्दल विचारत नाही. बीजिंगमध्ये यंदा काय ठरलं, एवढंच विचारतो.